चौदा नंबरच्या पेशी

३ फेब्रुवारी, सोमवार

शेपट्या फुटल्या!

सव्वानऊला औषध घातलं. सव्वादोनला मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि खुर्चीवरून उठलेच. सकाळी ज्या पेशी पसरट, सुस्त, अख्खी जागा अडवून लोळत पडल्या होत्या त्या आता अंग चोरून गोल झालेल्या, आणि प्रत्येकीला लांब बारीक शेपट्या — कुणाला दोन, कुणाला तीन! पुस्तकात चेतापेशीचं चित्र असतं, हुबेहूब तसं. मोठ्या माणसाच्या हाडातल्या मगजाच्या मूलपेशी ह्या. जन्मभर रक्त नि हाड करत बसायचं एवढंच त्यांना ठाऊक. त्यांना चेतापेशी व्हा म्हणून सहा वर्षं मी लाडीगोडी लावतेय, हातापाया पडतेय. आणि आज पाच तासांत!

औषधाला नासक्या अंड्यांचा वास. केसांत बसलाय. दारातच आत्या म्हणाली, "कोंबड्या पाळल्यास काय?"

म्हटलं, "आत्या, जमलं!" तर तिची नजर माझ्या एप्रनवर. "बटण कुठंय?"

"तुटलं."

"आणि पीन लावून हिंडतेस? चाळीस वर्षं गावाचे कपडे शिवले मी, आणि घरची पोर पिनेवर!"

मी काय सांगतेय, ही काय बघतेय! मीच लावून देते म्हणाली. नको म्हटलं. तीन वर्षं झाली, तिच्या बोटांच्या टोकांना काही कळत नाही. सुई टोचली तर रक्त दिसल्यावर समजतं. मशीनवर चादर टाकून ठेवलीय. डॉक्टर म्हणाले, बोटांकडच्या चेता सुकल्यात, परत येतील ह्या भरवशावर राहू नका. मी राहिलेय. हे चारचौघांत बोलत नाही, इथे लिहिते. सुरुवात नुसत्या कुतूहलानं झाली होती. गेली तीन वर्षं मी ह्या पेशींच्या मागे लागलेय ती तिच्या बोटांसाठी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा केलं. पुन्हा शेपट्या! वर हिरवा रंगही लागला. हा रंग चेतापेशीतलं एक प्रथिन धरतो. भिंगकाका — आमच्याकडच्या सगळ्या मायक्रोस्कोपांचे डॉक्टर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत — वाकून बघून म्हणाले, "छान दिसतंय हो." काकांच्या तोंडून 'छान' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून नाच!

६ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या लॅबच्या सरांनी परिषदेला सारांश पाठवूनसुद्धा दिला. मला न विचारता! "पाच तासांत चेतापेशी." उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. उगाच नाही मी त्यांना मनात झटपटसर म्हणत. परिषद सत्तावीसला. तिथेच संस्थेचं मंडळ बसणार आणि ठरवणार, की आमची खोली आमच्याकडे ठेवायची की पलीकडच्या यकृतवाल्यांना द्यायची. सर म्हणाले, "एक मोजणी तेवढी नीट करून दे. शंभरात किती बदलल्या."

करते की. पण मोजायला मी नको. मला आकडा मोठा यायला हवा आहे, माझे डोळे मोठाच मोजणार. आमची पद्धत अशी: काका फोटोंवरची औषधाची चिठ्ठी झाकतात, मागे अ, ब, क लिहितात, आणि मोजतो तो ज्याला ह्यातलं काही माहीत नाही. असा माणूस आमच्या मजल्यावर उरलाच नाही, सगळ्यांना पेढे वाटल्यासारखी बातमी वाटून झालीय सरांनी.

घरी आहे एक असा माणूस.

८ फेब्रुवारी, शनिवार

आत्याला फोटो दिले, चाळीस. अर्धे औषधाआधीचे, अर्धे नंतरचे, सगळे पिसलेले. सांगितलं, गोल अंग आणि दोन शेपट्या असलेली पेशी एकीकडे, बाकी दुसरीकडे, असं मोज.

पहिला फोटो तिने बराच वेळ धरून ठेवला. कोपऱ्यात १४ छापलंय, त्यावर अंगठा. "ह्या कुणाच्या?"

"ते आम्हालाही माहीत नसतं. खुब्याची ऑपरेशनं होतात तेव्हा हाडातला मगज एरवी टाकूनच देतात. दात्याने हो म्हटलं तर तो आमच्याकडे येतो. बाई की बुवा, तेही कळत नाही. नुसता नंबर."

"बरं," म्हणाली आणि चष्मा पुसला.

लिहिता लिहिता जुना राग वर आला. दोन वर्षांपूर्वी हिच्याच खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्सने हिला मगज देण्याबद्दल विचारलं होतं. मी विचारू शकत नव्हते, नात्यातल्यांनी विचारायचं नाही असा नियम. आणि नात्यातल्या कुणाचा नमुना लॅबमध्ये आला तर त्याला हातही लावायचा नाही, तो दुसऱ्याने सांभाळायचा. तर ही बाहेर येऊन मला सांगते, "नाही म्हटलं मी. म्हातारीची हाडं, कुणाच्या काय कामाची!" मी जगाला समजावत फिरते नि घरातूनच नकार! आठवडाभर धुसफुसत होते.

असो. मोजायची तिची रीत मात्र झकास. बटणांचा डबा घेतला. शेपटीवाली दिसली की एक बटण डाव्या वाटीत, दुसरी असली की उजव्या. बटण चिमटीत आलं की नाही ते बोटांना कळत नाही म्हणून प्रत्येक बटण डोळ्यांनी बघून टाकत होती. एक बटण टेबलाखाली पडलं ते तिला कळलं नाही. मी उचलून वाटीत टाकलं, गपचूप.

दिवसभर मोजलं. कंटाळली नाही. मी दोनदा डुलकी काढली.

९ फेब्रुवारी, रविवार

काकांनी फोनवर चिठ्ठ्या सांगितल्या. औषधाआधी: शंभरात तीन. औषधानंतर: शंभरात अठ्ठ्याहत्तर!

मी आत्याला मिठीच मारली. तिने मारू दिली. मग म्हणाली, "आता मी एक सांगू? चिडू नकोस."

चिडणार हे तिथेच ठरलं.

तिने फोटोंमध्ये एक ओरखडा हेरला होता, पेशी वाढवायच्या बशीच्या तळाला पडलेला. त्या ओरखड्यावरून तिने एकाच जागेचे दोन फोटो शोधून काढले, आधीचा आणि नंतरचा. दोन्ही एकावर एक, खिडकीच्या काचेला कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेले. कागदी साचा कापडावर ठेवतात तसे जुळवून. उन्हात आरपार दिसत होतं.

"हे बघ शेपटीचं टोक. आणि ही सकाळची कड. एकाच जागी आहेत. ही बघ. ही पण. शेपूट फुटून बाहेर गेलं असतं तर कडेच्या पलीकडे गेलं असतं ना? हे पलीकडे गेलेलंच नाही. मधलं अंग आत ओढलं गेलंय, आणि जिथे जिथे चिकटलं होतं तिथे तिथे दशी राहिलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे वाढल्या नाहीत गं. आटल्यात. कोरं कापड पाण्यात घातलं की आटतं ना, तसं."

मी म्हटलं, "रंग लागलाय आत्या. हिरवा. चेतापेशीचाच."

"कापड आटलं की रंग गडदच दिसतो."

मग मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. म्हणाले, "शिलाई मशीन आणि मायक्रोस्कोप एक नाही! तुला काय कळतं ह्यातलं?" तिने चिमटे काढले, फोटो चळत करून माझ्या हातात दिले आणि भाजी चिरायला बसली. बोटं कापू नयेत म्हणून ती आता फार हळू चिरते.

१० फेब्रुवारी, सोमवार

बोललो नाही. ती पण हट्टी, मी पण.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज काम करताना सारखं डोक्यात — आटल्यात, आटल्यात. डासासारखं. सहा वर्षांचं काम एका ओरखड्यावर मोडीत निघतं होय! उद्या दाखवतेच तिला. दर दहा मिनिटांनी एक फोटो काढायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेपटी बाहेर सरकताना दिसेल. दिसायलाच हवी. मग आणून ठेवते तिच्या पोळपाटावर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तीस फोटो. नऊ ते दोन.

पहिल्या फोटोवर पातळ कागद ठेवून पेशींच्या कडा पेन्सिलीने उतरवल्या. आत्याच्याच मापांच्या पेटीतला कागद. मग तोच कागद एकेका फोटोवर. दुसरा, पाचवा, अकरावा.

टोकं हललीच नाहीत. एकही नाही. अंग आत आत जात राहिलं आणि जिथे धरून होतं तिथे दोरा राहिला. तिसाव्या फोटोपर्यंत मी कागद सरळ करत होते, हात थरथरतोय म्हणून जुळत नसेल, असं स्वतःला सांगत. हात थरथरत नव्हता.

एक चाचणी मी टाळली होती. आज कबूल करते. कातडीच्या साध्या पेशींवर हेच औषध घालून बघायचं. पहिल्याच दिवशी करायची गोष्ट! नंतर करू, नंतर करू म्हणत राहिले, कारण मला उत्तर नको होतं. झटपट एकटे सरच नाहीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कातडीच्या पेशी. औषध. पाच तास. शेपट्या!

मग म्हटलं होऊन जाऊ दे. औषध नाहीच, नुसतं मीठ जास्त घातलं पेशींच्या खाण्यात. शेपट्या! दुसऱ्या बशीत भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. शेपट्या! मीठ घालून चेतापेशी होत असत्या तर लोणच्याच्या बरणीत मेंदू झाला असता.

त्रास झाला की पेशी अंग चोरतात. एवढंच आहे ते. आम्ही त्यांना छळत होतो आणि त्याला शिकवणं म्हणत होतो.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग तोंड धुतलं आणि वहीत सगळं लिहून काढलं, तारखेसकट, मिठाच्या मापासकट.

घरी आल्यावर आत्याला म्हटलं, "आटल्यात."

ती "मी सांगितलं नव्हतं?" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. नुसतं पाणी दिलं. मग म्हणाली, "माझ्याकडे शिकायला मुली यायच्या ना, त्यांना पहिल्या दिवशी मी शिवायला नाही शिकवायचे. उसवायला शिकवायचे. उसवायची लाज वाटली की बाई जन्मभर वाकडंच शिवते."

तिच्या बोटांकडे बघवेना मला. म्हटलं, "आत्या, मला वाटलं होतं तुझी बोटं..."

"माहीतंय," म्हणाली. "जेव."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांना तीस फोटो, तो कागद, मिठाची बशी, सगळं मांडून दाखवलं. सरांनी कागद स्वतः दोन फोटोंवर ठेवून बघितला. मग, "परिषद झाली की बघू हे."

"नाही सर. परिषदेत सांगायचं."

"वेडी आहेस का? सारांश छापून गेला! तुला काय वाटतं, इतकी माणसं ह्याच वाटेनं चाललीयत, ती सगळी आंधळी आहेत?"

"मी होते सर. बाकीच्यांचं माहीत नाही."

"कुणाच्या लक्षात आलं हे?"

"माझ्या आत्याच्या."

"कुठल्या संस्थेत असतात त्या?"

"स्वयंपाकघरात."

त्यावर सर हसतील असं वाटलं होतं. नाही हसले. म्हणाले, "खोली जाईल. कळतंय ना?" कळतंय. न कळायला काय झालं!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सर बोलत नाहीत. जिन्यात समोरून आले तर चपलेचा पट्टा बघतात. भिंगकाका डबा खाताना म्हणाले, "तुमच्या आत्यांना एकदा आणा हो इकडे. तीन भिंगं तपासून घ्यायचीत."

२४ फेब्रुवारी, सोमवार

भाषणाची तालीम स्वयंपाकघरात. आत्या श्रोते. पहिल्याच वाक्याला अडवलं, "नमनाला घडाभर तेल कशाला? चुकलं ते आधी सांग. मग कसं कळलं ते. मग पुढे काय करणार ते. आणि खाली मान घालू नकोस, चोरी नाही केलेली."

तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने पुन्हा बटणाचा विषय काढला, "त्या एप्रनवरची पीन काढ आधी." एप्रन घालून जाणार नाहीये म्हटलं. "तरी काढ!"

२७ फेब्रुवारी, गुरुवार

झालं.

उभी राहिले आणि सांगितलं — जो सारांश तुमच्या हातात आहे तो चुकीचा आहे, माझा आहे आणि मी तो मागे घेतेय. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी चष्मा काढला. मी शेपटीवाला सुंदर फोटो दाखवला आणि म्हटलं, ही मूलपेशी. दुसरा दाखवला, ही कातडीची. तिसरा, ही मीठ घातलेली. तुम्हीच ओळखा कोणती कोणती. कुणाला ओळखता आलं नाही. नंतर टाळ्या नाहीत. खोकले.

मग शेवटच्या रांगेतून एक म्हातारे प्राध्यापक उठले. वाटलं, आता सोलणार. ते म्हणाले, "गेली चार वर्षं माझ्या दोन विद्यार्थ्यांनी ह्याच शेपट्या मोजल्यात. मी उद्या घरी जाऊन मीठ घालून बघतो." आणि खाली बसले. त्यांचा आवाज पडला होता. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि पळूनही जावंसं वाटलं.

सर पूर्ण वेळ बाहेर फोनवर होते.

३ मार्च, सोमवार

खोली गेली. यकृतवाले टेप घेऊन मापंसुद्धा काढून गेले. आमच्याकडे उरलं: इनक्युबेटरचा एक कप्पा, मायक्रोस्कोपची दुपारची वेळ, आणि जूनअखेरपर्यंतची मुदत. सर म्हणाले, "आता काय करणार तू एका कप्प्यात?" चांगलं विचारलं. पंधरा दिवसांनी पहिलं वाक्य.

म्हटलं, "हळू करणार."

६ मार्च, गुरुवार

बेत असा. छळायचं नाही. औषधाचा मारा नाही. बशीत खाली खऱ्या चेतापेशी, वर बारीक जाळी, जाळीवर आमच्या मूलपेशी. एकमेकींना शिवणार नाहीत, पण खालच्यांचं पाझरेल ते वरच्यांना मिळेल. तिसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताजं खाणं. पाच आठवडे.

आत्याला समजावलं. म्हणाली, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. एवढंच ना?"

अगदी एवढंच! आणि ह्या वेळी वाण बघायचाच नाही. शेपटी असो नसो. गुण बघायचा. चेतापेशीचा गुण काय? चिमटा काढला की कळतो. तेवढंच विचारायचं त्यांना, शेवटच्या दिवशी. शेजारी दुसऱ्या बशीत कातडीच्या पेशी, तेच खाणं, तीच जाळी, तेवढेच दिवस. टाळाटाळ नाही.

कुणाच्या पेशी घ्यायच्या? गोठवलेल्यांतल्या नंबर ३ आणि ९ भराभर वाढतात. १४ फार सावकाश. सर म्हणाले, १४ टाकून दे, वयस्कर दाता दिसतोय, वेळ खाईल. पण चौदा कधी मेलेला नाही. गेल्या वर्षी इनक्युबेटर बिघडला तेव्हा तीन आणि नऊ गेले, पुन्हा गोठवलेल्या साठ्यातून काढावे लागले. चौदा तसाच, बशीला चिकटून. कुणीतरी चिवट माणूस असणार. चौदाच घेतला.

७ मार्च, शुक्रवार

पेरल्या.

१६ मार्च, रविवार

रविवारी पण खायला घालायला गेले. आत्या म्हणाली, "चौदाला सांग, घाई नाही म्हणावं." आता ती पण नावानं बोलते, शेजारच्या बिऱ्हाडातला माणूस असावा तशी.

२२ मार्च, शनिवार

काही नाही. पसरट, सुस्त, लोळत पडलेल्या. एकही शेपटी नाही. यकृतवाल्यांची मुलगी डोकावून म्हणाली, "अजून तशाच?" तिला बोलायला काय जातं!

२८ मार्च, शुक्रवार

आत्याचा हात भाजला. पातेलं उचललं, गरम आहे हे कळलंच नाही. वास आल्यावर सोडलं. दोन बोटांना मोठाले फोड. मी मलम लावताना रडत होते आणि ती मला समजावत होती! "दुखत नाही गं. खरंच. तोच तर घोटाळा आहे." आणि हसली.

मला इतका राग आला. कुणावर ते कळत नाही. बशीतल्या पेशींपासून माणसाच्या बोटापर्यंत किती अंतर आहे ते मला माहीत आहे, तिच्या आयुष्यात ते संपायचं नाही हेही माहीत आहे. तिलाही. तरी उद्या सकाळी सातला मी लॅबमध्ये असणार. पाच आठवडे म्हणजे पाच आठवडे. बघतेच.

५ एप्रिल, शनिवार

बुरशी! कातडीच्या एका बशीत. एवढासा पांढरा ठिपका. चौदा वाचला. सगळा कप्पा पुसून काढला, दोनदा. सर आत येऊन उभे राहिले, बाह्या दुमडल्या, आणि तिसऱ्यांदा पुसला.

११ एप्रिल, शुक्रवार

आज विचारलं.

पद्धत अशी, पेशींत एक रंग भरायचा. मग विजेचा अगदी हलका चिमटा. ज्या पेशीला चिमटा कळतो ती क्षणभर उजळते. भिंगकाकांनी बशा झाकल्या, अ आणि ब लिहिलं. चिमटा काकांनी काढला. मी नुसती बघत होते. सरही होते, मागे, हाताची घडी.

अ — अंधार. चिमटा. अंधार. दोनशे पेशी बघितल्या, एकही नाही.

ब — अंधार. चिमटा. अंधार. अंधार. आणि मग कोपऱ्यात एक उजळली! शेपटी नाही, दिसायला काही नाही, साधी पसरट ओबडधोबड पेशी, आणि उजळली! काका म्हणाले, "थांबा, पुन्हा." पुन्हा चिमटा. पुन्हा तीच. मग डावीकडे एक. दोनशेत अकरा.

काकांनी चिठ्ठी काढली. ब म्हणजे चौदा.

कुणी ओरडलं नाही. मीच नाही ओरडले. सर म्हणाले, "पुन्हा कर. तीनदा करून दाखव. तोपर्यंत मी कुणाला काही पाठवत नाही." झटपटसर! मी आणि काका एकमेकांकडे बघतच राहिलो.

चेतापेशी झाल्या असं मी म्हणणार नाही. चेतापेशींसारखं काहीतरी अकराजणींना कळलं, एवढंच. पण आटलेलं नाही हे. नाही!

आत्याला सांगितलं. तिने विचारलं, "मोजलं कुणी?" काकांनी, म्हटलं. "झाकून?" झाकून. मग तिने पदराने डोळे पुसले. एवढं रडण्यासारखं काय झालं? माझं ठीक आहे, माझी सहा वर्षं आहेत. "चौदाला कळला ना चिमटा," एवढंच म्हणत राहिली. मी म्हटलं, "अगं, चौदा तुझा कोण लागतो!" तर हसायला लागली, मग दोघीही.

१३ एप्रिल, रविवार

एप्रनचं बटण शेवटी आज लावायला घेतलं. तिच्या डब्यात जुळणारं शोधत होते. तळाशी, कोटाच्या मोठ्या बटणांखाली, चार घड्या घातलेला कागद. हॉस्पिटलचा शिक्का, दोन वर्षांपूर्वीची तारीख, खाली तिची सही. "आपण दिलेला नमुना मागे घ्यायचा असल्यास हा क्रमांक सांगावा — १४."

म्हणजे पहिल्याच फोटोवर अंगठा ठेवला तेव्हा तिला माहीत होतं. स्वतःच्या पेशी आहेत हे माहीत होतं, आणि खिडकीपाशी उभी राहून मला म्हणाली — आटल्यात.

उद्या सरांना सांगावं लागेल. चौदाला आता मी हात लावायचा नाही. उरलेल्या दोन्ही वेळा काकांनी करायचं.

कागद होता तसा घडी घालून ठेवला.

"सापडलं का गं?" आतून हाक आली.

"सापडलं," म्हटलं. आणि बटण लावलं.